घरच्या छोट्या कार्यशाळेसाठी ड्रिल बिटे : शंभर नगांची पेटी की मोजकी सुटी?

जिन्याखालचा_हौशी (ऐरोली)

नमस्कार. ऐरोलीतल्या सिडकोच्या रो-हाउसमध्ये जिन्याखालची सहा बाय चार फुटांची जागा मी गेल्या दिवाळीपासून कार्यशाळा म्हणून वापरू लागलो आहे. व्यवसायाने मी हिशेबनीस आहे. हत्यारांशी माझा पूर्वसंबंध म्हणजे वडिलांचे गिरमिट आणि दांडा हललेली एक पटाशी, एवढाच. माझ्याकडे १३ मिमी चकचे (म्हणजे तेवढ्या जाडीपर्यंतचे बिट पकडणाऱ्या जबड्याचे), ५५० वॅटचे आणि हॅमरची कळ असलेले ड्रिल मशीन आहे. त्याच्यासोबत हौसेने घेतलेली शंभर नगांची बिटांची पेटीही आहे.

अडचण अशी झाली. गच्चीवरच्या कुंड्यांच्या मांडणीसाठी ३ मिमी जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्टीला ६ मिमीची आठ भोके पाडायची होती. पहिले भोक निम्म्यापर्यंत गेले आणि त्यानंतर बिट नुसते किंचाळत जागच्या जागी फिरू लागले. मी अंगाचा भार टाकून दाबले, तेव्हा धूर निघाला आणि बिटाचे टोक निळेजांभळे पडले. दुसऱ्या बिटाची तीच गत झाली, आणि तिसरे मोडून त्याचा तुकडा भिंतीवर आपटला. सुदैवाने मी चष्मा लावतो.

पुढच्या कामांमध्ये प्लायवूडचे पुस्तकांचे कपाट, लोखंडी अँगलचे कामाचे टेबल आणि न्हाणीघरातल्या टाइल्सवर दोन-तीन खुंट्या एवढे आहे. ही पेटी बाजूला ठेवून नव्याने खरेदी करायची झाल्यास पुन्हा एखादी चांगली पेटी घ्यावी की सुटी बिटे घ्यावीत? दुकानदार ज्या 'कोबाल्ट' बिटांचे गोडवे गातात, त्यांना खरोखर अर्थ आहे का? माझी मर्यादा तीन हजार रुपयांपर्यंत आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

टूलरूम_निवृत्त (ठाणे)

नमस्कार. वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, त्यामुळे धातूपुरते सांगतो. लाकडाचे आणि भिंतीचे ज्यांना अधिक कळते त्यांनी पुढे लिहावे.

आपल्या पट्टीचे काय झाले ते आपल्याच वर्णनात आहे. ती पट्टी बहुधा ३०४ प्रतीची असावी, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. या पोलादाचा स्वभाव असा, की धारेने ते कापले गेले नाही आणि नुसते घासले गेले, तर घासलेली जागा तिथल्या तिथे कठीण होऊन बसते. शिवाय उष्णता वाहून नेण्यात ते साध्या लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश असते, त्यामुळे निर्माण झालेली उष्णता पट्टीत पसरत नाही आणि बिटाच्या टोकातच साठते. आपण कळ पूर्ण दाबून वेग दिलात, बिट कापायचे थांबले, घासू लागले, जागा कठीण झाली आणि मग अंगाचा भार टाकून काहीही होण्यासारखे उरले नाही.

वेगाचा हिशेब हिशेबनिसाला जड जाऊ नये. धातूसाठी ठरलेला छेदनवेग मीटर प्रति मिनिट असा घ्यावा, त्याला १००० ने गुणावे आणि ३.१४ गुणिले बिटाचा मिलिमीटरमधला व्यास याने भागावे, म्हणजे मिनिटाला किती फेरे हवेत ते निघते. साध्या लोखंडाला एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या बिटासाठी २५ मीटर धरले, तर ६ मिमीला सुमारे १३०० फेरे, १० मिमीला ८०० आणि ३ मिमीला २६०० च्या वर येतात. स्टेनलेसला १० ते १२ मीटरच धरायचे असतात, म्हणजे ६ मिमीला ५५० ते ६५० फेरे पुरेत. आपल्या वर्गातले मशीन पूर्ण कळ दाबल्यावर साधारण २८०० फेऱ्यांनी फिरते. चौपटीहून अधिक वेगाने आपण ते बिट जाळलेत. बिट हलके होते की नाही हा पुढचा प्रश्न आहे. उत्तम बिटही या वेगाला टिकले नसते.

आता बिटाच्या जातीविषयी. एचएसएसची नेहमीची प्रत एम २ असते आणि तिच्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम आणि व्हॅनेडियम असते. ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापेपर्यंत ते आपला कठीणपणा सांभाळते. साधे कार्बन पोलाद त्याच्या निम्म्या तापमानालाही टिकत नाही. निळे पडले की त्याची धार गेली असे समजावे. स्वस्त पेट्यांमध्ये दांड्यावर 'एचएसएस' असे कोरलेले आणि आत भलतेच असा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे. खात्री करायची असेल तर मोडलेल्या बिटाचा दांडा ग्राइंडरला हलकेच टेकवून ठिणग्या पाहा. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या असतात आणि फुलबाजीसारख्या फुटतात, तर खऱ्या एचएसएसच्या ठिणग्या मंद, तांबूस निघतात आणि जवळजवळ न फुटता विझतात. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही.

कोबाल्टला अर्थ आहे, पण आपल्याला तो एक-दोन मापांपुरताच आहे. एम ३५ या प्रतीत ५ टक्के आणि एम ४२ मध्ये ८ टक्के कोबाल्ट असते. कोबाल्टमुळे बिट तापल्यावरही धार धरून राहते, परंतु ते ठिसूळही होते, आणि हातात धरलेले मशीन किंचित कलले तरी एम ४२ चे बारीक बिट तुटते. म्हणून हातमशीनवर एम ३५ घ्यावे आणि ते १३५ अंशांच्या, फाकवलेल्या टोकाचे घ्यावे, जे जागेवरून घसरत नाही. स्टेनलेससाठी ४ आणि ६ मिमी एवढी दोन घ्या. बाकी लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ यांना साधी एम २ ची, ११८ अंशांची बिटे पुरतात : ३, ४, ५, ६, ८ आणि १०. बारीक बिटे मोडतात, म्हणून ३ आणि ४ ची दोन-दोन घ्यावीत. ॲडिसन, मिरांडा अशा जुन्या देशी नावांची बिटे सुटी मिळतात; ज्याचा दांडा गुळगुळीत आहे आणि माप स्पष्ट कोरलेले आहे असे बिट घ्यावे.

माप मिलिमीटरमध्येच मागा. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी एम ६ चा, म्हणजे ६ मिमीच्या बोल्टचा, आटा पाडण्यासाठी मी स्टोअरमधून 'दीड सुती' बिट आणले होते. एक सूत म्हणजे अष्टमांश इंच, तेव्हा दीड सूत म्हणजे ४.७६ मिमी झाले. एम ६ ला ५ मिमी लागते. पाव मिलिमीटरचा तो फरक टॅपने, म्हणजे आटे पाडणाऱ्या हत्याराने, सहन केला नाही, तो भोकातच तुटला, आणि तो काढण्यात माझी एक पूर्ण पाळी गेली. एम ४ ला ३.३, एम ५ ला ४.२ आणि एम ८ ला ६.८ ही मापे लिहून भिंतीवर चिकटवा.

काम करताना आधी सेंटर पंचाने खूण करा. ८ किंवा १० मिमीचे भोक थेट पाडू नका. आधी ३ मिमीचे पाडा, कारण मोठ्या बिटाच्या टोकाची मधली आडवी कड कापत नाही, ती नुसती धातूला रेटत असते. लोखंडाला आणि स्टेनलेसला कटिंग ऑइलचे थेंब द्यावेत, ॲल्युमिनियमला रॉकेल चालते, आणि पितळ व बीड कोरडेच कापावे. पट्टी शेगड्यात किंवा क्लॅम्पने पक्की बांधा. हातमोजे मात्र घालू नका, फिरते बिट मोजा धरून बोटे ओढते.

नौपाडा_सागवान (ठाणे)

टूलरूमकाकांनी धातूचे इतके नेमके सांगितले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी गेली काही वर्षे घरच्या घरी फर्निचर करते, म्हणून कपाटापुरते लिहिते.

प्लायवूडला धातूचे बिट चालते, परंतु सुरुवातीला ते वरच्या व्हिनिअरवर घसरते आणि बाहेर पडताना मागचा थर फाडते. यासाठी लाकडाचे वेगळे बिट मिळते, ज्याच्या मध्यभागी सुईसारखे टोक असते आणि कडेला दोन सुऱ्या असतात. या सुऱ्या आधी लाकडाचे तंतू गोल कापतात आणि मगच आतला भाग निघतो, त्यामुळे भोकाची कड पेन्सिलीने काढल्यासारखी राहते. ५, ६, ८ आणि १० मिमी पुरेत. कप्प्यांच्या पिनांना बहुधा ५ मिमी लागते आणि लाकडी डॉवेल घातलीत तर ८. मागून फाटू नये म्हणून फळीखाली एक टाकाऊ तुकडा घट्ट दाबून धरायचा, एवढीच त्यातली युक्ती आहे. खोली किती हवी ते मोजून तेथे बिटाला चिकटपट्टीचे निशाण गुंडाळा, आणि पट्टीचा शेपटासारखा एक तुकडा मोकळा सोडा; तो भुसा झाडू लागला की थांबायचे.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडण्याचा कंटाळा करू नये. ८ नंबरचा स्क्रू साधारण ४.२ मिमी जाडीचा असतो. त्याला नरम लाकडात अडीच आणि सागात ३ मिमीचे भोक पाडावे, आणि वरच्या फळीत साडेचार मिमीचे मोकळे भोक ठेवावे. वरच्या फळीतले भोक मोकळे नसेल तर स्क्रूचे आटे दोन्ही फळ्यांत चावतात आणि मधली फट कितीही आवळले तरी मिटत नाही. माझे पहिले शू-रॅक अजूनही त्या फटीसह उभे आहे. या बारीक भोकांना धातूची बिटेच वापरा, वेगळी घेऊ नका.

कपाटाला दारे असतील तर सुतार ज्याला 'ऑटो हिंज' म्हणतात त्या बिजागरीसाठी ३५ मिमीचे एक बिट घ्यावे लागेल. दुकानात त्याला सरसकट फोर्स्टनर म्हणतात. बेंजामिन फोर्स्टनरने १८७४ मध्ये पेटंट घेतलेले मूळ बिट कडेच्या गोल धारेच्या आधाराने चालते, त्यामुळे त्याने फळीच्या काठाला अर्धे बाहेर असलेले भोकही पाडता येते. बिजागरीसाठी मिळते त्याला बहुधा कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे दात असतात, आणि प्लायवूडसाठी तेच अधिक योग्य आहे, कारण प्लायवूडमधला गोंद साध्या पोलादाची धार लवकर खातो. भोकाची खोली १२ ते १३ मिमी लागते. दार १८ मिमीचे असेल तर काळजी नाही. १६ मिमीचे असेल तर मधले टोक पलीकडच्या लॅमिनेटवर फोड आणू शकते, म्हणून ते टोक कानशीने थोडे कमी करून घ्यावे. वेग कमी ठेवा आणि दोन्ही हातांनी मशीन घट्ट धरा, कारण एवढ्या व्यासाचे बिट अडकले की मनगटाला झटका बसतो.

एक गोष्ट लिहू की नको असे वाटत होते. बिट कापत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या दोन मैत्रिणींची मशीने उलट्या दिशेने फिरत होती. कळ तपासा.

जिन्याखालचा_हौशी (ऐरोली)

टूलरूमकाका आणि ताई, आपल्या दोघांचे मनःपूर्वक आभार. जळलेले बिट शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या ग्राइंडरला टेकवून पाहिले. अगदी दिवाळी. म्हणजे पेटी नावापुरतीच एचएसएस निघाली.

भिंतीचा प्रश्न राहिला आहे. दिवाणखान्यात मी हॅमर लावून ६ मिमीची भोके सहज पाडली. पण घोडबंदर रोडवर बहिणीच्या नव्या इमारतीत पडद्याचा दांडा लावायला गेलो तेव्हा त्याच मशीनने, त्याच बिटाने दहा मिनिटांत एक सेंटिमीटरही गेलो नाही. हा दोष बिटाचा की भिंतीचा? आणि न्हाणीघरातल्या टाइल्सला हेच बिट चालेल का?

साइटवाला_घोडबंदर (ठाणे)

दोष कोणाचाच नाही, भिंती वेगळ्या आहेत. बिट निवडण्यापूर्वी भिंत ओळखावी लागते, आणि ती ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे भोकातून पडणारी भुकटी पाहणे. प्लास्टरचा पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सगळीकडे करडाच निघतो. त्यानंतर तांबडी भुकटी आली तर वीट, करडीच राहिली आणि मशीन रेटेनासे झाले तर काँक्रीट, आणि पिठासारखी पांढरट भुकटी भराभर पडू लागली तर सिपोरेक्स म्हणतात तो हलका ब्लॉक. तुमच्या दिवाणखान्यात तांबडी पडली असणार. बहिणीची इमारत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंतींसकट ओतलेली, म्हणजे आम्ही साइटवर 'मायवन' म्हणतो त्या पद्धतीची असावी. त्या घरांत खोल्यांमधल्या भिंतीही सळईच्या काँक्रीटच्या असतात.

तुमच्या मशीनमधला हॅमर म्हणजे दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात, एवढेच असते. ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात, पण प्रत्येक ठोका हलका असतो आणि त्याचा जोर तुम्ही किती दाबता यावर अवलंबून असतो. रोटरी हॅमर नावाच्या वेगळ्या मशीनमध्ये दट्ट्या कोंडलेल्या हवेच्या जोरावर ठोकतो. त्याचे ठोके मिनिटाला चार-पाच हजारच असतात, पण लहान मशीनचाही ठोका दोन-तीन ज्यूलचा असतो, आणि विशेष न दाबता काँक्रीटमध्ये ६ मिमीचे भोक काही सेकंदांत होते. त्याला एसडीएस प्लस दांड्याची, १० मिमी जाडीच्या खाचेरी बुडाची बिटे लागतात, जी तुमच्या चकमध्ये धरत नाहीत. वर्षाकाठी दहा भोकांसाठी ते मशीन विकत घेऊ नका. हार्डवेअरवाल्याकडून दिवसाच्या भाड्याने आणा आणि बहिणीकडचे पडदे, टीव्ही, घड्याळ सगळे एकाच दिवशी उरका.

विटेच्या भिंतीसाठी कार्बाइडच्या टोकाची ६ आणि ८ मिमीची दोन साधी बिटे पुरतील. या बिटांचा देह साध्या पोलादाचा असतो आणि टोकाला टंगस्टन कार्बाइडची चकती झाळलेली असते. कार्बाइड स्वतः तापाला भीत नाही, पण झाळण भिते. म्हणून दर दहा सेकंदांनी बिट बाहेर ओढून भुकटी निघू द्यावी. लाल झालेले बिट पाण्यात बुडवू नये, चकती तडकते. सिपोरेक्समध्ये हॅमर बंदच ठेवा. तो चालू ठेवला की ६ चे भोक बघता बघता ८ चे होते आणि प्लग हाताने निघून येतो. तिथे साधे फिरवूनच भोक पाडावे आणि हलक्या ब्लॉकचा लांब प्लग घ्यावा.

काँक्रीटमध्ये चांगले चाललेले बिट एकदम थांबले आणि टणटण आवाज आला तर सळई लागली असे समजा. तिथे हट्ट धरू नका. दोन धारांच्या चकतीचा कोपरा सळईत अडकून उडतो, आणि उडाला नाही तरी इमारतीची सळई कापायचे आपल्याला काही कारण नाही. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरका. विजेच्या बटणाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ रेषेत कोणतेही भोक पाडू नये, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो, कारण एका सदनिकेत ताबा दिल्यानंतर चौथ्या दिवशी घरमालकांनी गीझरच्या पाइपात आरसा टांगला होता, आणि खालच्या मजल्याचे छत मी स्वतः पुसले आहे.

टाइल्सबद्दल. हॅमर पूर्ण बंद. जुनी चकचकीत सिरॅमिक टाइल असेल तर भाल्याच्या पात्यासारखे टोक असलेले काचेचे बिट चालते, आणि त्यावर कागदी चिकटपट्टी लावून सावकाश सुरुवात केली की ते घसरत नाही. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर ते बिट दोन भोकांत बोथट होईल. ही टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, इतकी ती घट्ट भाजलेली असते. तिला हिऱ्याची भुकटी बसवलेले पोकळ नळीचे बिट लागते. ते आधी तिरपे टेकवून चंद्रकोरीसारखी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचे आणि सतत पाणी द्यायचे. विजेच्या तारेचे मशीन आणि पाणी एकत्र नको. कोणाचे तरी बॅटरीवरचे मशीन मागून आणा आणि टाइलखाली ओला स्पंज धरा. टाइल संपून प्लास्टर लागले की बिट बदला आणि कार्बाइडचे लावा.

रबाळे_सीएनसी (नवी मुंबई)

सोनेरी बिटांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पेट्यांमध्ये सोनेरी रंग पाहून लोक भुलतात, परंतु सोनेरी थराला काहीच अर्थ नाही असे म्हणणेही बरोबर नाही. टायटॅनियम नायट्राइडचा खरा थर फार कठीण असतो, घर्षण कमी करतो आणि आमच्या कारखान्यात त्याची बिटे रोज चालतात. मात्र तो काही मायक्रॉन जाडीचाच असतो आणि आतले पोलाद जर हलके असेल तर तो त्याला वाचवू शकत नाही. शिवाय एकदा धार लावली की टोकावरचा थर जातो. घरच्या कामासाठी त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत, एवढेच माझे म्हणणे.

टूलरूम_निवृत्त (ठाणे)

रबाळेकरांशी सहमत. मी कोरडेपणाने 'रंग' म्हणून सोडून दिले असते, त्यांनी न्याय केला.

धार लावण्याचा विषय निघाला आहे, तर तेवढे सांगतो. ६ मिमीच्या वरची बिटे फेकू नका. ग्राइंडरवर दोन्ही ओठांची, म्हणजे टोकावरच्या दोन कापणाऱ्या धारांची, लांबी आणि कोन सारखा ठेवणे हीच त्यातली कला आहे. एक ओठ लांब राहिला तर बिटाच्या एकाच खाचेतून कीस निघतो आणि भोक मोठे पडते. कोन मापायला उपकरण नसेल तर दोन सारखे षटकोनी नट एकमेकांना कडेने चिकटवून धरा. त्यांच्यामध्ये जी खाच तयार होते ती १२० अंशांची असते, आणि ११८ च्या बिटाला तेवढे माप घरी पुरते. ओठामागचा भाग दहा-बारा अंशांनी उतरता हवा, नाहीतर धार कितीही चकाकली तरी ती टेकतच नाही. ३ मिमीच्या खालची बिटे मात्र नवीच घ्यावीत. डोळ्यांना त्रास आणि वेळेचा अपव्यय.

ऐरोली खाडीकाठी आहे. पावसाळ्यात बिटे उघडी ठेवलीत तर गणपतीपर्यंत तांबडी होतील. काम झाल्यावर तेलाच्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

जिन्याखालचा_हौशी (ऐरोली)

शनिवारी मुंबईत मशीद स्टेशनला उतरून नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन आलो. एम २ ची सहा मापे (३ आणि ४ ची दोन-दोन), एम ३५ ची ४ आणि ६, लाकडाची चार, पस्तीसचे एक, भिंतीची दोन, एक सेंटर पंच आणि कटिंग ऑइलची लहान बाटली, एवढे घेऊन मर्यादेत राहिलो. हिऱ्याचे बिट अजून घेतलेले नाही, आधी टाइल कोणती आहे ते बघतो.

संध्याकाळी पट्टी क्लॅम्पने बांधली, पंच मारला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि आधी ४ चे, मग ६ चे बिट कळ जेमतेम दाबून चालवले. इतक्या हळू फिरणाऱ्या बिटाने काही होईल यावर माझा विश्वास नव्हता. पण किंचाळणे नाही, धूर नाही, आणि दोन्ही खाचांतून दोन सारख्या रुपेरी कुरळ्या वर येऊ लागल्या. सात भोके एकाच बिटाने झाली आणि टोक अजून बोटाला लागते.

अडले आहे ते पहिल्या दिवशीचे अर्धवट भोक. त्याच्या तळाला आरशासारखी चमक आली आहे आणि नवे बिटही त्यावर नुसते फिरते. एम ३५ त्यात वाया घालवण्याआधी विचारतो.

टूलरूम_निवृत्त (ठाणे)

त्या चमकेवर बिट टेकवू नका, ती जागा कठीण झाली आहे. पट्टी उलटी करा, गुण्या लावून कडेपासूनची अंतरे मागच्या बाजूवर उतरवा, पंच मारा आणि मागून ४ चे बिट सोडा. तिकडचा दीड मिलिमीटर धातू अजून मऊ आहे, त्यात बिट नीट बसेल. कठीण थर शेवटी लागेल, तोवर दाब सोडू नका आणि मध्ये थांबू नका. मग ६ चे त्याच बाजूने.

जिन्याखालचा_हौशी (ऐरोली)

मागून झाले. अंतर उतरवताना अर्धा मिलिमीटर चुकलो, त्यामुळे भोक किंचित लांबट आहे, पण वॉशरखाली झाकले जाते.